कांडपयंत्राचं कर्ज

आमच्या वैशाखरे गावी मसाला कांडायचा म्हणजे उन्हाळ्यात मुरबाड गाठावं लागायचं. भाजलेल्या मिरच्यांचे डबे एसटीत चढवायचे आणि कांडपाच्या रांगेत अर्धा दिवस बसून राहायचं. एकदा तिथंच बसल्या बसल्या मोठी जाऊ म्हणाली, "गो, आपल्याच गावात यंत्र टाकलं तर?"

मी हसले. पण घरी येईपर्यंत डोक्यात दुसरं काही आलं नाही.

अडचण होती बँकेची. आमच्या ह्यांची पूर्वी मुरबाड-कल्याण जीप होती, कर्जावर घेतलेली. कर्जाला माझीही सही होती. टाळेबंदीत गाडी दारात उभी राहिली, हप्ते थकले आणि शेवटी फायनान्सवाले ती घेऊन गेले. न्यायला आलेल्या माणसांना ह्यांनी चहा पाजला, दुसरा गिअर कुठे अडकतो तेही समजावून सांगितलं. मग घरात येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. पुढे ते दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर झाले. पण बँकेचा विषय निघाला की उठून गुरांकडे जायचे.

त्यामुळे मुरबाडच्या बँकेत आम्ही दोघी जावाच गेलो. कर्जाचं काम बघणारी मॅडम माझ्या भाचीच्या वयाची, विदर्भातून बदलून आलेली. तिने संगणकात माझं नाव टाकलं आणि म्हणाली, "ताई, तुमचा कर्जफेडीचा स्कोअर पडलाय. जीपचं कर्ज पूर्ण फिटलेलं नाही."

"अवो, गाडीच नेली त्यांनी. मग ऱ्हायलं काय?"

"गाडी विकून सगळं वसूल झालं नाही. नंतर तडजोड झाली, तेव्हा थोडी रक्कम त्यांनी सोडून दिली. ती सोडलेली रक्कम आम्हाला अजून दिसते."

मी पिशवी उचलली. तिने मला परत बसवलं. "ती भरून टाका. काही बाकी नाही असं पत्र घ्या. बचत गटाचं लहान कर्ज काढा, वेळेवर फेडा. मग या माझ्याकडे."

बाहेर येताच जावेने विचारलं, "ती हो म्हनली का नाय म्हनली?"

"दोन्ही म्हनली," मी म्हटलं.

त्या पावसाळ्यात माळशेजला जाणाऱ्या गाड्या थांबायच्या त्या वळणावर आम्ही भजीची कढई मांडली. हे बँकेबद्दल चकार शब्द बोलत नव्हते, पण सकाळी जीपवर जायच्या आधी टोपलीभर कांदे चिरून ठेवायचे. पैसे जमले तसे मी ते डब्यात टाकत गेले. दिवाळीनंतर एके दिवशी ह्यांनी आपणहून डबा मागितला आणि कल्याणला फायनान्सच्या ऑफिसात गेले. तिथला माणूस म्हणे चक्रावलाच. "आता कशाला भरताय? कोणी मागितलंय का?"

"बायकोला यंत्र घ्यायचंय," ह्यांनी सांगितलं.

संध्याकाळी पत्र आणि जिलेबी घेऊन आले. जिलेबी आधी माझ्या हातात दिली.

बचत गटाचं कर्ज फिटायला वर्ष गेलं. मग अर्ज केला आणि मॅडम जागा बघायला गावात आली. आली ती नेमकी आम्ही पडवीत मिरची भाजत असताना. दारातच तिला ठसका लागला आणि शिंका सुरू झाल्या.

"ताई, किती... आच्छी! किती घरं येतील... आच्छी! कांडायला?"

मी उत्तर देण्याआधीच कुंपणापाशी जमलेल्या बायका बोलायला लागल्या. "माझं लिवा, मॅडम!" "आमचे दोन डबे!" "माझ्या माहेरची पन येतील, टोकावड्याची!" मॅडम डोळे पुसत लिहीत होती आणि हसत होती. जावेने तिला ताक दिलं, ओसरीवर वारा घातला. जाताना ती म्हणाली, "एवढी गिऱ्हाइकं मी अजून कोणाच्या दारात पाहिली नाहीत."

मॅडमचा फोन आला तेव्हा मी शेजारच्या हळदीत होते. वाजंत्री चालू होती, म्हणून गोठ्यामागे जाऊन ऐकलं. "मंजूर झालं, ताई!" मग ह्यांना फोन लावला. ते मुरबाडच्या स्टँडवर जीप भरत होते.

"अवो, कर्ज झालं!"

ह्यांनी हळूच विचारलं, "पॅसेंजरला सांगू का गो?"

"सांगा की!"

त्यांनी मोठ्याने सांगितलं. जीपमध्ये टाळ्या पडल्या. एक बाई मागून ओरडली, "किलोला काय घेनार, ते इचारा!"

भाव आम्ही ठरवलाच नव्हता. यंत्र आलं त्या दिवशी जाऊ आणि मी त्यावरून चांगल्या भांडलो. शेवटी मुरबाडपेक्षा थोडा कमी ठेवला, आणि उन्हाळाभर दोघींना धड जेवायलाही फुरसत मिळाली नाही. हप्ता भरायला हेच जातात. मॅडम सांगते, काम झालं तरी बाकावर बसून राहतात आणि नव्या गाडीचं कर्ज काढायला आलेल्या पोरांना सल्ले देतात.