भुऱ्याचे पोतेभर केस

आमच्या घरी व्हॅक्यूम क्लीनर आला तो कुत्र्याला वाचवण्यासाठी, आणि पाच आठवड्यांत त्याने कुत्र्याला घराबाहेर काढायची सगळी तयारी केली. यात यंत्राचा काही दोष नव्हता. यंत्र फार चांगले होते. चालवणारा मी होतो.

कुत्र्याचे नाव भुऱ्या. ज्याने आणून दिला तो पॉमेरेनियन म्हणाला होता. (पुढे भुऱ्याचे पाय वाढतच गेले, तेव्हा आम्ही जातीचा विषय काढणे बंद केले.) रंग पांढरा, केस लांब, आणि स्वभाव इतका गरीब की मांजर दिसली की हाच आधी जागा करून द्यायचा. बाबा गेले त्याच वर्षी तो घरात आला. दुपारी आई दिवाणावर बसून तांदूळ निवडायची आणि हा तिच्या मांडीला पाठ लावून झोपायचा. आई त्याच्याशी बोलायची. बाबांबद्दल ती आमच्याजवळ कधी चकार शब्द काढत नसे, पण एकदा मी शाळेत शिकवून लवकर घरी आलो तर ती भुऱ्याला सांगत होती, "त्याईले फोडणीचं वरण लागे, साधं चालतच नव्हतं." मी चपला हातात घेऊन तसाच बाहेर गेलो आणि दहा मिनिटांनी खोकत खोकत परत आलो.

असे सगळे छान चालले असताना माझ्या बायकोला, नलिनीला, शिंका सुरू झाल्या. रोज सकाळी उठून अंथरुणे झटकली की सलग अकरा. (मी मोजायचो. त्यावरून वेगळे भांडण व्हायचे.) डॉक्टरांनी नाक पाहिले, घसा पाहिला आणि विचारले, "घरात केसाळ जनावर आहे का?"

"आहे," नलिनी म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले.

"कुत्रा आहे," मी घाईघाईने खुलासा केला.

"मग एक तर केस जातील, नाही तर कुत्रा."

नलिनी काही दुष्ट नव्हती. घरात पहिली पोळी भुऱ्याला मिळायची आणि दुसरी मला. तिने घरी येऊन हे सांगितले तेव्हा तिचाच आवाज बारीक झाला होता. आई मात्र शांतपणे म्हणाली, "मंग काय झालं? विसूमामाकडे पाठवून देऊ सावनेरले. वावरात राहीन मजेत. जनावरच तं होय." आणि त्या रात्री तिने अर्धी भाकरी ताटात टाकली. जन्मात ताटात शीत न टाकणारी बाई ती! मला ते बघवले नाही. मी हात धुता धुता जाहीर केले, "कुत्रा कुठंही जाणार नाही. केस जातील!"

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत असे. त्यामुळे आता विज्ञानच आमच्या मदतीला येणार याबद्दल मला शंका नव्हती.

दुसऱ्याच दिवशी मी सदर भागातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. बरोबर भुऱ्याच्या केसांची एक पुडी घेतली होती, कारण प्रयोगाशिवाय वस्तू घ्यायची नाही असा माझा बाणा.

"काय दाखवू, सर?" विक्रेत्याने विचारले.

"केस काढायचं मशीन पाहिजे."

त्याने माझ्या डोक्याकडे पाहिले. तिथे काढण्यासारखे फार काही उरले नव्हते. "सर, तुमच्याकडे तर..."

"कुत्र्याचे!" मी ओरडलो. "शिवाय घरात जिना आहे. तेरा पायऱ्या. अन् वेताच्या खुर्च्या चार, दिवाण एक."

त्याने दोन यंत्रे पुढे ठेवली. एक मोठे, चाकांचे, दिसायला बसक्या हंड्यासारखे. दुसरे लांबट, खांद्याला पट्ट्याने अडकवायचे. मोठे जिन्यावर कसे चढवायचे, असे मी विचारले. "चढवायचं कायले सर, एक माणूस उचलून धरते, एक माणूस साफ करते." आमच्या घरात ती दोन्ही माणसे मीच असणार हे ओळखून मी लहान यंत्र खांद्याला लावले आणि म्हणालो, "जिना कुठं आहे तुमचा?"

दुकानाच्या जिन्यावर मी पुडी उघडली आणि पायरीवर केस पसरले. त्याच वेळी वरून मालक उतरत होते.

"हे काय करून राहिले तुम्ही?"

"डेमो, शेटजी," विक्रेता म्हणाला.

"डेमो आपण देतो ना बाप्पा! गिऱ्हाईक काहून घाण करून राहिलं?"

मी उत्तर म्हणून बटण दाबले. एका घोटात केस गेले, आणि पाठोपाठ मालकांच्या हातातला रुमालही गेला. मी जागच्या जागी खरेदी पक्की केली. रुमाल काढून देताना विक्रेत्याने मला दोन कानमंत्र दिले. एक, पिशवी घरात उघडायची नाही, लांब नेऊन एकट्यानेच रिकामी करायची, नाही तर धूळ परत सगळ्यांच्या नाकात. आणि दुसरा, ही निमुळती चोच फटीत घालायची. "जितके आत जाल सर, तितका माल निघंल!"

हे वाक्य माझ्या डोक्यात पक्के बसले. तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

रविवारी उद्घाटन केले. यंत्र सुरू होताच भुऱ्या वरच्या खोलीत पळाला आणि आईने कानात बोटे घातली. "बाप्पा! घरात इमान उतरून राहिलं का गा?" जिन्यावर वायर पुरेना म्हणून नलिनी स्टुलावर उभी राहून जोडवायर धरून होती. तेरा पायऱ्यांचे मिळून निघाले चिमूटभर केस. खुर्च्यांतून निघाली नुसती धूळ आणि मागच्या वर्षी हरवलेले बटण. मी जरा हिरमुसलोच. मग दिवाणाकडे वळलो. भिंतीकडच्या कोपऱ्यात, गादीच्या कडेला, एक खोल फट होती. चोच घातली. आत गेली. आणखी घातली. आणखी गेली! यंत्राचा आवाज एकदम बदलला, पोटभर जेवलेल्या माणसाने हुंकार द्यावा तसा. पाच मिनिटांत पिशवी टम्म!

"नलू! हीच ती जागा!" मी किंचाळलो. "इथंच लपून राहिले होते सगळे!"

मागच्या अंगणात जाऊन, नाकाला रुमाल बांधून, मी एकट्याने पिशवी रिकामी केली. पांढरा, धुळीने मळलेला, मऊ गोळा. मी तो फेकला नाही. एका पोत्यात भरला. वैज्ञानिकाने पुरावा जपावा.

पुढच्या रविवारी पुन्हा त्याच फटीतून पिशवीभर. त्याच्या पुढच्या रविवारी दोन पिशव्या! आणि नलिनीच्या शिंका अकरावरून सतरावर गेल्या.

"अहो, हे मशीन आल्यापासून वाढूनच राहिल्या."

"मशीनमुळे नाही वाढल्या, नलू. भुऱ्याचं गळणं वाढून राहिलं. पोतं पाहा ना!"

शेवटी मी भुऱ्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेले. आठवड्याला इतके इतके केस गळतात, असे दोन्ही हात फाकवून सांगितले. डॉक्टरांनी भुऱ्याला उलटसुलट पाहिले.

"मास्तर, एवढे गळले असते तर हा बोडखा झाला असता. याच्या अंगावर तर जंगल आहे."

"म्हणजे तितक्याच वेगानं नवे येऊन राहिले!" मी म्हणालो. डॉक्टरांनी भुऱ्याला खाली ठेवले आणि माझ्याकडे बघत एक टॉनिक लिहून दिले. ते नक्की कोणासाठी होते हे मी विचारले नाही.

त्याच सुमाराला आईची पाठ दुखायला लागली. नलिनी रोज तेल चोळायची. मी शहाण्यासारखा म्हणालो, "वय झालं आता, आई." आई पाठ चोळत दिवाणावर आडवी झाली. भुऱ्या तिच्या पायाशी बसून माझ्याकडे बघत होता. त्याला बोलता येत असते तर पुढचे सगळे टळले असते.

दिवाळीपर्यंत पोते तोंडापर्यंत भरले आणि मी हरलो. विज्ञानाने पाच आठवडे लढून सिद्ध केले होते की हा कुत्रा यंत्राला ऐकणारा नाही. मीच जड हाताने विसूमामाला पत्र लिहिले, भाऊबीजेला याल तेव्हा भुऱ्याला घेऊन जा.

विसूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. सावनेरजवळ त्यांचे शेत, सगळे आयुष्य कापसात गेलेले. भाऊबीजेला सकाळीच आले, पिशवीत दोरी घेऊन. आईने पाट मांडला, ओवाळले. मामांनी ताटात नोट टाकली. आईने ती उचलून त्यांच्या हातात परत दिली.

"मले काही नको गा, विसू. ओवाळणी म्हणून एवढंच कर. त्याले बांधून नको ठेवजो. त्याले दोरीची सवय नाही."

आणि तिने डोळ्याला पदर लावला. नलिनी स्वयंपाकघरात पळाली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत उभा राहिलो, कारण दुसरीकडे कुठे पाहण्याची माझी छाती नव्हती. मला माझाच राग आला होता.

मामांनी पिशवीतून दोरी काढून पाटावर ठेवली. मग माझ्यावर डाफरले, "असे किती केस गळते गा याचे? दाखव तं खरं!"

मी पोते ओढत आणले. मामांनी आत हात घातला, चिमूटभर माल काढला, फुंकर मारून धूळ उडवली. दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरून हळूच ताणला. बाजारात कापसाचा धागा किती लांब आहे ते व्यापारी असेच पाहतात. दारापाशी जाऊन उजेडात धरला. परत आले, पोत्याच्या तळातून दुसरी चिमूट काढली, ती ताणली.

"मास्तर, हे केस होय म्हणून कोणं सांगतलं?"

"मीच."

"हा कापूस होय."

मामांनी ती चिमूट माझ्या तळहातावर ठेवली.

"अन् साधासुधा नाही. आपल्या वावरातला. ताईच्या गादीसाठी मीच आणून देल्ता." त्यांनी पोत्याकडे पाहिले, मग सावकाश दिवाणाकडे. सगळ्यांनीच दिवाणाकडे पाहिले. स्वयंपाकघरातून नलिनी आली आणि तिने चादर उचलली.

भिंतीकडची अर्धी गादी नव्हतीच! खोळ होती, वरचे कापड खालच्या कापडाला चिकटलेले. कोपऱ्यात चार बोटे शिवण उसवलेली, आणि तिच्या आजूबाजूला माझ्या चोचीचे गोल गोल डाग. माझी आई पाच आठवडे फळीवर झोपत होती आणि मी तिला वय सांगत होतो.

"तीन वर्सं गादी पिंजली नाही," मामा सुरू झाले. "सुनबाई रोज सकाळी थे झटकते, धूळ नाकात जाते. वरतून हा शायना मशीन लावून कापूस घरभर उडवून राहिला! मंग शिंकंल नाही तं काय करंल ते?"

मी मान खाली घालून आईच्या शिव्यांची वाट पाहू लागलो. आईने गादीकडे पाहिले, पोत्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. आणि ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली, भुऱ्याच्या मानेत तोंड खुपसून हसली, पाठ दुखत होती तरी हसली. बाबा गेल्यापासून मी तिला असे हसताना पाहिले नव्हते. त्या हसण्यासाठी मी आणखी दोन गाद्या उसवल्या असत्या. नलिनी पण भुऱ्याला मिठी मारून बसली, "माफ कर रे बाप्पा!" म्हणत. तिचे नाक सरळ त्याच्या केसांत होते. आम्ही सगळे श्वास रोखून वाट पाहत राहिलो. एकही शिंक आली नाही.

मामांनी दोरी पिशवीत टाकली. "मंग मी आता मोकळ्या हातानं जाऊ का?"

"मोकळ्या हातानं काहून जातं?" आई डोळे पुसत म्हणाली. "याले ने!" तिचे बोट माझ्याकडे होते. "शाळेले सुट्ट्याच आहे. दोन दिवस कापूस वेचू दे. कापूस कायले म्हणते, केस कायले म्हणते, तेवढं तं कळंल!"

आणि मी गेलो. आई फाटकापर्यंत आली होती, भुऱ्या तिच्या पायाशी मोकळा उभा होता, आणि पिशवी घेऊन सावनेरच्या एसटीला निघालो होतो मी.

वावरात बायका ओळीने वेचत पुढे जायच्या आणि मी एकाच झाडाशी झटत बसायचो. वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी बोटे सोलून निघाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा माझ्या ढिगाजवळ आले. त्यांनी तो एका हाताने उचलला, जरा वर-खाली केला आणि वेचणाऱ्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मास्तर, गादीतून तं तू याच्या तिप्पट काढला होता! राहू दे गा, हे हाताचं काम तुयं नाही. उद्या मशीनच बोलावून घे!"