म्बाह पाइनांची बोटं

म्बाह पाइनांचा आमच्या आरोग्य केंद्रावर काडीचाही विश्वास नव्हता. पोट बिघडलं की आल्या-हळदीचा काढा, अंग दुखलं की नाण्याने पाठ घासून घ्यायची, एवढंच त्यांचं वैद्यक. मी त्या केंद्रातली नर्स आणि राहायला त्यांच्याच शेजारी, त्यामुळे आमची रोजची खडाखडी. "काय गं न्दुक एंदाह, तुझ्या सुईने माणूस बरा होतो की भीतीने उठून पळतो?" असं त्या भर गल्लीत विचारायच्या. न्दुक म्हणजे पोरी, जसं म्बाह म्हणजे आजी. मी त्रेचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई, पण त्यांच्यापुढे पोरगीच.

उलट बोलायची सोय नव्हती, कारण माझ्या लग्नात मला उटणं त्यांनीच लावलं होतं. जावा बेटावरच्या सोलो शहराच्या आमच्या भागात गेल्या पंचेचाळीस वर्षांत बहुतेक नवऱ्या त्यांच्याच हाताखालून गेल्या. जुन्या रीतीने लग्न करणाऱ्या घरात नवरीला चाळीस दिवस उंबरठ्याबाहेर सोडत नाहीत. त्या दिवसांत म्बाह एक दिवसाआड यायच्या. तांदूळ, पिवळी मुळी आणि चंदन पाट्यावर वाटायच्या, ते अंगाला फासायच्या आणि वाळलं की बोटांनी चोळून काढायच्या. ती बोटं अशी खरखरीत की मी पहिल्या दिवशी किंचाळले होते. "किंचाळ, किंचाळ," त्या म्हणाल्या होत्या, "सासरी गेल्यावर कोण ऐकणार आहे?"

तेवीस वर्षं वाट पाहिल्यावर गेल्या वर्षी त्यांचा हजचा नंबर लागला. पत्र आलं त्या दिवशी त्यांनी गल्लीभर गोड भात वाटला. दुसऱ्या आठवड्यात बोटांचे ठसे द्यायला कचेरीत गेल्या आणि दुपारी थेट माझ्या केंद्रात येऊन बसल्या. स्वतःच्या पायांनी, पहिल्यांदाच.

"यंत्र म्हणतं मला बोटं नाहीत," त्या म्हणाल्या. दहाही बोटं त्यांनी टेबलावर मांडली. "ही काय मग, केळी आहेत?"

मी भिंग आणलं. टोकं गुळगुळीत होती, एक रेघ दिसेल तर शपथ. पंचेचाळीस वर्षं तांदळाच्या पिठाने नवऱ्यांची कातडी निघत होती, तशी यांचीही निघत होती. साठ दिवसांच्या आत ठसे द्यायचे होते, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. त्यांचं वय एकाहत्तर. पुन्हा तेवीस वर्षं थांबा असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

"रेघा येतील परत," मी म्हणाले. "कातडीची नक्षी खालच्या थरात असते, ती जात नाही. खाली रोज नवी कातडी तयार होते, हळूहळू वर सरकते, वर येईपर्यंत मरते आणि झडते. आपल्याला दिसते ती सगळी मेलेलीच."

"म्हणजे इतकी वर्षं मी नवऱ्यांच्या अंगावरची मढी पुसत होते?"

"तसंच म्हणा. तरुणपणी खालून वर यायला महिनाभर लागतो. तुमच्या वयात दीड-दोन महिने."

"तरुण पोरीला महिना?" त्या विचारात पडल्या. "आणि आम्ही नवरीला चाळीस दिवस बसवतो. बघ, आमच्या आज्यांना तुझं भिंग नव्हतं, तरी नवरी मांडवात जायची ती कोऱ्या कातडीने."

हे मला नर्सच्या शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "मग आता तुम्हीच बसा."

आणि आम्ही त्यांना नवरीसारखं घरात बसवलं. पाटा माझ्या घरी आणून ठेवला. धुणं, भांडी, वाटण, सगळं बंद. रात्री हाताला खोबरेल लावायचं. नुसता भात-मिरचीचा ठेचा चालणार नाही, रोज अंडं नाहीतर टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, खायची, कारण नवी कातडी हवेतून होत नाही. झोप पुरी घ्यायची, उन्हात हात काढायचे नाहीत. लवंगी सिगारेटही मी काढून घेतली, धुराने कातडीला रक्त कमी पोचतं म्हणून. तेव्हा मात्र त्या मला जे बोलल्या ते हजला निघालेल्या बाईने बोलू नये. गल्लीतल्या बायका आळीपाळीने जेवण आणायच्या आणि आणता आणता आपलं उट्टं काढायच्या. "नवरीबाई, लाजू नका, घास घ्या!"

या सगळ्यात एकच गोष्ट दुखरी होती. म्बाहच्या नातीचं, लारासचं, लग्न साठाव्या दिवसानंतर तिसऱ्या दिवशी होतं. लारासची आई तिला दोन वर्षांची सोडून गेली, वाढवली ती म्बाहनी. गल्लीतल्या सगळ्या पोरींना उटणं लावलं आणि घरच्या पोरीला लावायचं नाही! लारास म्हणाली, "आजी, मला उटणं नको. तू हजला जा." म्बाह पडद्याकडे तोंड करून बसल्या.

एकविसाव्या दिवशी मी बोटं बघायला गेले तर टोकं लाल, सोललेली, आणि नखांच्या कडांना पिवळं.

"हे काय आहे?"

"कुठे काय?"

"म्बाह!"

मग कबूल झाल्या. खलबत्त्यात कुटून चोरून उटणं करत होत्या आणि रोज बोटांनाच चोळत होत्या. "चोळल्याने नवरीला नवी कातडी येते. मग मला लवकर नको का यायला?"

मी इतकी चिडले की खलबत्ता उचलून चालू लागले. "अहो, चोळून वरची मेलेली निघते! खालची आपल्या चालीने येते. रोज ओरबाडलंत तर शरीर घाबरून घाईघाईत कच्ची कातडी वर ढकलतं. एकवीस दिवस वाया घालवलेत तुम्ही!" म्बाहचं तोंड एवढंसं झालं. मग त्या रडल्या. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. "मला वाटलं, लवकर झालं तर लारासला दोनदा तरी लावता येईल," त्या म्हणाल्या. मला माझ्या आवाजाची लाज वाटली.

एकोणचाळीस दिवस उरले होते आणि मी रोज देवाला सांगत होते की म्हातारीच्या कातडीला थोडी घाई कर. म्बाह आता खरंच हलत नव्हत्या. बायका त्यांना भरवायच्या, लारास झोपताना तेल लावायची. त्यानंतरच्या छत्तिसाव्या दिवशी भिंगात उजव्या अंगठ्यावर पहिल्या रेघा दिसल्या, पुसट, पण होत्या. मी ओरडलेच.

शेवटच्या दिवशी कचेरीत आम्ही तिघी गेलो. नऊ बोटं यंत्राने घेतली. डाव्या करंगळीला तीनदा नाही म्हटलं, चौथ्यांदा घेतली. म्बाहनी कारकुनाच्या गालाला हात लावला आणि त्याला आमच्या गल्लीत जेवायला बोलावलं.

घरी येताच म्हणाल्या, "पाटा आण." मी म्हणणार होते की विमानतळावर पुन्हा ठसे बघतात. बोलले नाही. एकदाच चोळलं तर काही बिघडत नाही, हे मला ठाऊक होतं, आणि नसतं तरी मी गप्प बसले असते.

लारास चटईवर पालथी झोपली. म्बाहनी तिच्या पाठीला पिवळं उटणं लावलं, वाळू दिलं आणि हात फिरवला. लारासने मान वळवली आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

"आजी, हा तुझा हात नाही. हा टोचतच नाही."

म्बाहनी आपले मऊ, गुलाबी झालेले पंजे उलटसुलट करून पाहिले.

"हजहून परत येऊ दे मला," त्या म्हणाल्या. "तुझ्या पोरीच्या लग्नापर्यंत पुन्हा टोचायला लागेल."