पडद्याची सुई

पडदेवाल्या काकूंच्या डाव्या हाताचं पहिलं बोट महिनाभर ठणकत होतं. शेक झाला, मलम झालं, "होईल आपोआप" म्हणून झालं. शेवटी एका सकाळी चहाचा कप हातातून निसटला, तेव्हा मुलीने त्यांचं काही एक न ऐकता त्यांना एक्स-रे काढायला नेलं.

खोली गारढोण होती. एक्स-रे काढणाऱ्या पोरीने काकूंचा हात काळ्या पाटीवर पालथा ठेवला आणि "हलवू नका हं, आजी," असं बजावून ती काचेमागे गेली. बाहेर आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"अंगठी काढलीत ना?"

"केव्हाच!"

तिने पाटी पुसली, हात पुसला, पुन्हा एक्स-रे काढला. पुन्हा तेच. हाडाशेजारी जिऱ्याएवढी पांढरी रेघ.

"आजी, बोटात सुईचं टोक आहे तुमच्या!"

मुलीचा चेहरा उतरला. काकू मात्र स्क्रीनला नाक लावून म्हणाल्या, "अगं बाई! म्हणजे वहिनींनी सगळी काढलीच नव्हती!"

वहिनी म्हणजे थोरल्या जाऊबाई. बेचाळीस वर्षांपूर्वी दोघींनी नाट्यगृहाचा मखमली पडदा शिवायला घेतला होता. तोवर त्यांची मजल खिडक्यांच्या पडद्यांपलीकडे गेली नव्हती. काकू मशीनवर बसत आणि वहिनी समोर उभ्या राहून मखमलीचं ओझं तोलून धरत. शेवटच्या दिवशी वहिनींनी सासऱ्यांच्या घोरण्याची नक्कल केली, दोघींची हसून हसून मुरकुंडी वळली, कापडाला हिसका बसला आणि सुई बोटात घुसून तुटली. वहिनींनी पक्कड आणून ती ओढली. "निघाली गं, पुरी निघाली!" म्हणत त्यांनीच भोकाड पसरलं. काकूंनी बोटाला चिंधी बांधून उरलेली शिवण संपवली.

संध्याकाळी दोघी नाट्यगृहात शेवटच्या रांगेत बसल्या. नाटक कशावर होतं, देव जाणे. पडदा तीनदा पडला आणि तीनदा वर गेला, एवढं पक्कं लक्षात राहिलं.

पुढे थोरल्या दिरांची बदली झाली आणि वहिनी दूर गेल्या. काकू एकट्याच खिडक्यांचे पडदे शिवत राहिल्या. कापड तोलायला समोर खुर्चीची पाठ.

डॉक्टर म्हणाले, "दुखतोय तो झिजलेला सांधा. सुईचा काही दोष नाही. काढायची का?"

"राहू दे," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं गुण्यागोविंदाने नांदलीय."

दवाखान्याच्या पायरीवरूनच त्यांनी फोन लावला.

"वहिनी, अर्धी सुई आतच ठेवलीत की हो!"

पलीकडून वहिनी हळूच म्हणाल्या, "अगं, ओढताना डोळे मिटले होते मी. रक्त बघवेना. सांगायची लाज वाटली गं."

"एवढी वर्षं?"

"एवढी वर्षं. ये की इकडे. आणि तो एक्स-रे घेऊन ये, बघू दे माझे प्रताप."

पुढच्याच आठवड्यात काकू गेल्या. दारातून आत पाऊल पडतं न पडतं तोच वहिनींनी फिल्म हिसकावून खिडकीशी उजेडात धरली आणि ती पांढरी रेघ शोधून काढली. मग काकूंचं बोट आपल्या दोन्ही हातांत घेऊन त्या ते हलके हलके चोळत बसल्या.