गावच्या ॲम्ब्युलन्समधलं पेट्रोल

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्यात. ॲम्ब्युलन्सची केस मात्र तशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे.

नव्वदच्या दशकाचा शेवट. मी वसईत उपनिरीक्षक होतो. उमेळ्याजवळच्या एका ख्रिस्ती वस्तीने वर्गणीतून जुनी मारुती व्हॅन ॲम्ब्युलन्स म्हणून घेतली होती. तिच्यात पेट्रोल भरायची पाळी घराघराला येई. एका सकाळी छातीत दुखणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना घेऊन निघालेली ती गाडी वाटेत बंद पडली आणि बाई गाडीतच गेल्या. ड्रायव्हर पेट्रोल चोरून टाकीत पाणी भरतो, अशी फिर्याद त्यांच्या मुलाने दिली. ठाण्यात आणण्याआधीच लोकांनी ड्रायव्हरला चोप दिला होता.

हवालदाराने दरडावलं, "स्वतःच्या स्कूटरला घातलंस ना पेट्रोल?"

"सायकल आहे साहेब माझी. तिला पेट्रोल लागत नाही," तो सुजलेल्या ओठांनी म्हणाला. "टाकीत ज्याची पाळी तोच ओततो."

पंचांसमोर टाकीतल्या पेट्रोलचे नमुने घेतले. आमच्या घरात शिकलेला मी पहिला. गावच्या मास्तरांनी हट्टाने बी.एस्सी.ला पाठवलं होतं, त्यांचे उपकार त्या दिवशी कळले. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबवेना. मोजपात्रात थोडं पेट्रोल घेतलं, पाणी घालून हलवलं. खाली बसलेलं पाणी, घातलं त्याहून बरंच जास्त दिसू लागलं. पेट्रोलमधलं अल्कोहोल त्यात उतरलं होतं. अशा भेसळीला ओल लागली की टाकीतच थर वेगळे होतात आणि इंजिन बंद पडतं. ही चोरी नव्हती, भेसळ होती.

कामणच्या एका गोदामात कॅनमधून स्वस्त पेट्रोल मिळतं, अशी खबर आधीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच छापा घातला. गोदामवाल्याला ठाण्यात आणून विचारलं, ॲम्ब्युलन्ससाठी कोण न्यायचं? पुरवणी जबाबासाठी फिर्यादी मुलगा बाकावर बसला होता. गोदामवाल्याने त्याच्याकडे बोट केलं.

"हाच की."

मुलगा हळूच म्हणाला, "पाळी आमची होती साहेब. रिक्षावाले पण तेच भरतात." मग स्वतःशीच, "म्हणजे आईला मीच..."

अजून ठाण्यातच बसवून ठेवलेला ड्रायव्हर पुढे आला. "साहेब, जबाब मागाहून घ्या. चर्चमध्ये मिस्साची वेळ झाली. त्याला आईच्या मातीला जाऊ द्या."

मी जाऊ दिलं.

पुढे भेसळ करणारे बरेच पकडले. त्यांची मला कधी भीती वाटली नाही. हा मुलगा सरळमार्गी होता. पेट्रोल कसलं आहे आणि कुठल्या गाडीत ओततोय, दोन्ही त्याला माहीत होतं. त्या गाडीत आपलं माणूसही झोपेल, एवढंच मनात आलं नव्हतं. त्याची भीती मला आजही वाटते.