एक मशीन, दोन दवाखाने

माझ्या सख्ख्या काकाला लोक मास्तर म्हणतात. शाळेत तो कधी शिपाईसुद्धा नव्हता. सरकारी दवाखान्यात भांडारपाल आहे, सामानाच्या खोलीच्या किल्ल्या त्याच्या कमरेला. मी त्याला अहोजाहो करत नाही, करणारही नाही.

आमच्या पुढाऱ्यांनी डायलिसिसच्या मशीनचे पैसे ढेकर न देता पचवले. तपासणी आली, तेव्हा दाखवायला मशीनच नव्हतं. काकानं नदीपलीकडच्या जिल्ह्यातलं मशीन एका दिवसापुरतं टेम्पोत घालून आणलं, वॉर्डात पलंगाशेजारी उभं केलं, वर पांढरी चादर टाकली. साहेब खूश होऊन गेले.

पलीकडचे पुढारी तोवर सरळ होते, निदान घाबरट तरी. एका मशीनवर दोन दवाखाने पास होतात हे पाहिल्यावर त्यांचीही भीड चेपली. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. त्यांनी पुढची सगळी खरेदी कागदावरच उरकली आणि शिकवायला काकाला बोलावलं. परत आला की काका पाय पसरून म्हणायचा, "अरे, ज्ञान दिल्यानं वाढतं!"

मग काकूच्या किडन्या निकामी झाल्या. सकाळी तिला धाप लागली. डॉक्टर म्हणाले, आजच डायलिसिस हवं. आमच्याकडे चादर होती, मशीन नव्हतं. तिला गाडीत मागे झोपवून आम्ही नदीपलीकडे निघालो. काका अगदी निर्धास्त होता, तिथं त्याची ओळख होती ना!

तिथला भांडारपाल हसत गाडीपाशी धावत आला. मागे कोण झोपलंय हे त्यानं पाहिलंच नाही. त्याला वाटलं, मास्तर कामाची पाहणी करायला आलेत.

"मास्तर, पेढे द्या! घाटाखालचा जिल्हापण आपल्यात आला. मशीन कालच पाठवलं तिकडे, तपासणीला."

काकूनंच मान उचलून विचारलं, "परत कधी येणार हो ते?"

"परवा, वहिनी," तो म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा पडला.

पुढचा दवाखाना फार लांब होता. काकू वाटेतच गेली. शेवटपर्यंत तिनं काकाकडे पाहिलं नाही.

काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसला, नशिबापुढे कुणाचं काय चालतं? मला त्याची किळस आली.

महिनाभरानं घाटाखालच्या जिल्ह्यानं त्याला शिकवायला बोलावलं. लाज होती कुठं? शर्टाला इस्त्री करून गेला.