दोन मनगटं आणि बोंबलांची पाटी

साताऱ्याहून वसईला मी दोन मनगटांना वास लावून घ्यायला गेलो, हे शेजाऱ्यांना अजून सांगितलेलं नाही. पण घरचा प्रश्न गंभीर होता. पन्नाशीनंतर नलूला, म्हणजे माझ्या बायकोला, बसल्या जागी घाम फुटू लागला आणि ‘मला वास येतो’ म्हणत तिनं ओळीनं चार लग्नं टाळली. आता मे महिन्यात सख्ख्या भाचीचं लग्न होतं. मी पूर्वी आणलेल्या अत्तरानं तिचं डोकं दोन दिवस उठलं होतं, त्यामुळे माझी पतही राहिली नव्हती. वसईजवळच्या भुईगावचा मित्र पास्कोल म्हणाला, आमच्या दमट हवेत जे टिकेल ते कुठंही टिकेल.

वसईच्या दुकानातल्या मुलीनं माझ्या डाव्या मनगटावर कमळाचा परफ्यूम मारला, उजव्यावर कुमुदिनीचा. दोन्ही पाणफुलांचे, खास उन्हाळ्यासाठी. इथं ठरवू नका, उन्हात फिरून या, असं तिनं बजावलं. तेव्हा डावीकडे काकडी चिरल्याचा गारवा होता आणि उजवीकडे नळाचं पाणी.

पास्कोलच्या स्कूटरवरून भुईगावला त्याच्या वाडीत (बागायतीत) पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला. कमळाचं एव्हाना सरबत झालं होतं. कुमुदिनी मात्र घामात हळूहळू जागी होत होती. पास्कोलनं उजवा हात हुंगला आणि मिस्साच्या (प्रार्थनेच्या) आधी धुतलेल्या चर्चच्या फरशीचा वास येतो, असा निकाल दिला. ही स्तुती होती, असं त्यानं मागाहून सांगितलं.

तिथून पाचूबंदरला गेलो. एका कोळणीच्या पायाशी म्हावऱ्याची (मासळीची) भरलेली पाटी होती. अशी पाटी डोक्यावर चढवायला जवळून जाणाऱ्याला हाक मारायची, आणि त्यानं नाही म्हणायचं नाही, हा तिथला रिवाज.

“दादा, जरा हात लाव.”

लावला. बोंबलांचं गार पाणी कोपरापर्यंत ओघळलं. घाबरत मनगटं हुंगली. डावीकडे नुसते बोंबील. उजवीकडेही बोंबीलच, पण त्यांच्या मागून फुलं येत होती. आनंदाच्या भरात मी त्या बाईंना नलूची सगळी हकिगत सांगून टाकली.

मान न हलवता त्या म्हणाल्या, “मी रोज हा वास घेऊन बसमधी पुढच्या शीटवर बसते. तरास व्हनारा उठतो, मी नाय उठत.”

कुमुदिनीची बाटली घेऊन घरी आलो. नलूनं बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही, कोळणीचं वाक्य मात्र दोनदा म्हणायला लावलं. लग्नाला निघताना मी बाटली पुढे केली. “राहू दे,” म्हणाली आणि मांडवात थेट पहिल्या रांगेत जाऊन बसली, पदरानं घाम पुसत, मोठ्यानं हसत. मला फार बरं वाटलं.

परफ्यूम सध्या मीच लावतो.