सासूबाईंचं काजळ

लग्नानंतर थोड्याच महिन्यांत हे आफ्रिकेला गेले, तिथल्या रेल्वेत कारकून म्हणून. पुढे मला बोलावणं आलं. दिरांच्या सोबतीनं रत्नागिरीहून बोटीनं मुंबईला गेले. धक्क्यावर डॉक्टरनं माझी पापणी उलटी केली, नीट निरखून पाहिली आणि मान हलवली. खुपऱ्या. एकाच्या दुसऱ्याला होतात, वर्षानुवर्षं जात नाहीत, आणि असे डोळे असलेल्या माणसाला तिथलं सरकार उतरू देत नाही. मला आपलं वाटायचं, डोळे चुरचुरतात ते चुलीच्या धुरानं. आफ्रिकेच्या बोटीवर चढवलेली ट्रंक दिरांनी मिनतवारी करून खाली आणली आणि आम्ही आल्या वाटेनं परत फिरलो.

मग रत्नागिरीच्या दवाखान्यात वर्षभर पापण्यांना मोरचूद घासून घेतला. डोळ्यांत मिरची पूड टाकल्यासारखी आग व्हायची. तरी मी हूं की चूं केलं नाही. मला जायचं होतं, नवऱ्यापाशी माझी स्वतःची चूल मांडायची होती. शेवटी डॉक्टर म्हणाले, "डोळे साफ झाले. आता जा खुशाल."

पण पावसाळ्यात बोटी बंद. त्या दोन-तीन महिन्यांनी माझा घात केला. औषध चालू असताना डॉक्टरांनी काजळ बंद करायला लावलं होतं, ते सासूबाईंच्या मनाला फार लागलं होतं. आता रोज सकाळी त्या डबी घेऊन समोर बसत. "बरी झालीस ना गो? मग सवाष्णीनं कोऱ्या डोळ्यांनी कशाला राहावं?" त्यांचे डोळे बाराही महिने गळायचे. आधी स्वतःच्या डोळ्यांत बोट फिरवायचं, मग तेच माझ्या. साऱ्या घराला त्यांनी असंच काजळ घातलं होतं, यांनाही.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरनं पापणी उलटली आणि विचारलं, "घरात एकाच डबीतलं काजळ घालता का?" मी हो म्हटलं. मला पुन्हा परत पाठवलं.

यांचे डोळे तरी कुठे चांगले होते! पण ही तपासणी सुरू व्हायच्या आधीच हे पोचले होते, आणि कामावरच्या कारकुनाच्या पापण्या कोण उलटतो? दोन वर्षांनी पत्र आलं, तिथे त्यांनी दुसरं लग्न केलं. तळतळाट कुणाला द्यायचा तेच मला कळेना.

सासूबाईंची नजर पुढे पार गेली. हात धरून मागीलदारी नेणारी मी एकटीच. शेजारणी आल्या की त्या कौतुकानं सांगायच्या, "देवानंच हिला परत पाठवली हो. नाहीतर माझं कोण होतं?" हे वर्षानुवर्षं ऐकलं. एकदा मात्र राहवलं नाही. म्हटलं, "देवानं नाही, तुमच्या काजळानं."

त्यांनी हात पुढे केला. मग माझ्या पापण्या चाचपत म्हणाल्या, "डबी कुठाय गो? आज घातलं नाहीस वाटतं."